बेचकीतला माणूस

गाड्यांविषयी मी लिहायला बसलो आहे हे पाहून नेहमीच्या वाचकांना नवल वाटेल. इथे आपण दीपमाळांविषयी बोललो, पेडण्याकडच्या दशावतारी मंडळींविषयी बोललो, सत्तरीच्या रणमाल्याविषयी बोललो. मोटार हा काही माझा प्रांत नव्हे. मला स्कूटरपलीकडचं वाहन चालवता येत नाही, आणि बॉनेट उघडलं तर आत नेमकं काय पाहायचं असतं हेही कळत नाही. तरीही हा विषय २०१६ सालापासून मनात घोळतो आहे. त्या वर्षी भाचीकडे फ्लोरिडात गेलो होतो. एका रविवारी भाचजावयाने विचारलं, "मामा, डिस्नेला जाऊया की तुम्हांला एक वेगळीच जागा दाखवू?" डिस्नेच्या तिकिटाचा आकडा ऐकून मी लगेच वेगळ्या जागेला होकार दिला.

ती जागा म्हणजे ओकाला गावाजवळचं डॉन गार्लिट्सचं ड्रॅग रेसिंगचं संग्रहालय. गार्लिट्सने ते १९८४ साली उघडलं. आत शिरलो तर होड्यांच्या खोपीत आल्यासारखं वाटलं. लांबच लांब, अरुंद, बिनछपराची वाहनं ओळीने मांडून ठेवलेली. पुढची चाकं सायकलीच्या चाकांसारखी किरकोळ, मागची मात्र दोन्ही हातांच्या कवेत न मावणारी. त्यांतल्या कित्येकांवर एकच नाव, पुढे फक्त आकडा बदललेला. स्वॉम्प रॅट १, स्वॉम्प रॅट ५, स्वॉम्प रॅट १४. स्वॉम्प रॅट म्हणजे दलदलीतला उंदीर. फ्लोरिडा हा दलदलींचा प्रदेश. तिथल्या माणसाला हिणवायचं असेल तर दुसरं काय म्हणणार? गार्लिट्सने ती हेटाळणीच उचलून गाडीवर रंगवून घेतली.

मला इंजिनातलं कळत नाही, पण मी एक गोष्ट पाहिली. जुन्या गाड्यांत चालकाची जागा अगदी शेवटी होती. इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि गिअर, त्यामागे मागचा आस, आणि त्याच्याही मागे, शेपटीच्या टोकाला माणूस. त्याचे दोन पाय त्या सगळ्या फिरत्या लोखंडाच्या अल्याड-पल्याड. मग १४ नंबरच्या गाडीत हा माणूस एकदम इंजिनाच्या पुढे येऊन बसलेला दिसला. मी भाचजावयाला विचारलं, "हे मधे काय झालं?" तो म्हणाला, "मधे त्याचा पाय गेला."

त्याच क्षणी मला कुडचड्याचे माझे धाकटे मामा आठवले. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवं. ड्रॅग रेसमध्ये वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रस्त्यावर जो आधी पोहोचेल तो जिंकला. संपलं. आपल्याकडे धीरयोला जाणारा माणूस निदान बैल झुंजतील तेवढा वेळ उभा राहतो. इथे तिकीट काढून पाहायचं ते दहा सेकंदांचं, पुढे आठ, पुढे सहा सेकंदांचं. मला हा खेळ पोरकट वाटला हे कबूल करतो. अजूनही थोडा वाटतो. पण या सहा सेकंदांसाठी माणसांनी जे लोखंड घडवलं, त्याचा इतिहास पोरकट नाही.

तो सुरू होतो कॅलिफोर्नियात. तिथल्या वाळवंटी भागात पावसाळ्यानंतर सुकून परातीसारखी सपाट होणारी तळी आहेत. मुरॉक, एल मिराज अशी त्यांची नावं. १९३० च्या दशकात तरुण पोरं भंगारातल्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, छप्पर, दारं काढून टाकून तिथे भरधाव सोडत. १९३७ मध्ये त्यांची रीतसर संघटनाही झाली. मग महायुद्ध आलं. युद्धाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, विमानं आणि रणगाडे दुरुस्त करून हात तयार झालेली हजारो मुलं. दुसरी, वापराविना पडलेल्या धावपट्ट्या. सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० मध्ये तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्सने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती हा काही केवळ अमेरिकन प्रकार नव्हे. मद्रासजवळच्या शोळावरमची धावपट्टीही दुसऱ्या महायुद्धातलीच, आणि आपल्या देशातल्या मोटारशर्यतींचं ते कित्येक दशकं माहेरघर होतं.

आता इंधन. या खेळात 'गॅस' आणि 'फ्युएल' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि नवख्याचा इथेच घोटाळा होतो. गॅस म्हणजे साधं पेट्रोल. फ्युएल म्हणजे मुख्यतः नाइट्रोमिथेन, बहुधा मिथेनॉलमध्ये मिसळलेलं. हे मुळात कारखान्यात वापरायचं द्रावक. किलोमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम चौथाई. मग ते शर्यतीत कशाला? तर त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलचा एक किलो नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, नाइट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. इंजिन जेवढी हवा ओढू शकतं ती ठरलेली. त्याच हवेत नाइट्रोमिथेन कितीतरी पट अधिक ओतता येतं, आणि हिशेब केला तर दुपटीहून अधिक ऊर्जा हाती लागते. शिदोरी बरोबर घेऊन आलेला पाहुणा म्हणा ना. यजमानाच्या चुलीवर त्याचा भार कमी.

पण हा पाहुणा चुलीलाच आग लावून जाणारा आहे. भर जोरात असताना स्पार्क प्लगची टोकं जळून जातात आणि उरलेली धाव इंजिन नुसत्या उष्णतेवर पुरी करतं. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडलीच नाही तर न जळलेलं द्रव तिथे साचतं. द्रव दाबलं जात नाही, मग लोखंड फुटतं. रात्रीच्या शर्यतीत एक्झॉस्टच्या नळ्यांतून पिवळ्या-पांढऱ्या ज्वाळा वर उठतात. आणि त्याचा धूर! भाचजावई म्हणाला, डोळे असे चुरचुरतात की कांदा बरा.

फेब्रुवारी १९५७ मध्ये एमरी कुक नावाच्या चालकाने लाँग बीचजवळच्या लायन्स पट्टीवर याच इंधनावर ताशी १६६ मैलांचा वेग गाठला. कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. पट्ट्या आखूड, थांबायला जागा अपुरी. त्याच वर्षी एनएचआरएने आपल्या शर्यतींत नाइट्रोवर बंदी घातली, आणि ती १९६३ पर्यंत उठली नाही. बंदी घातली की ती गोष्ट संपते असं कुठे झालंय? दुसऱ्या संघटना होत्या, स्वतंत्र पट्ट्या होत्या. नाइट्रोवाले तिकडे गेले, आणि त्यांना पाहायला गर्दीही तिकडेच गेली.

त्या वेळी फ्लोरिडातल्या टँपा शहरात पंचविशीचा डॉन गार्लिट्स गाड्या दुरुस्त करत होता. जन्म १९३२ चा. इंजिनिअर नव्हे. आपल्याकडे ज्याला 'मेस्त' म्हणतात तसला. (पोर्तुगीज 'मेस्त्र'चा आपण मेस्त केला आणि तो शब्द नेमका योग्य माणसाला लावला. पदवी नसलेला, पण हातात विद्या असलेला.) १९३० च्या शेव्हर्लेच्या सांगाड्याचे दोन लोखंडी दांडे, त्यावर क्रायस्लरचं 'हेमी' इंजिन. हेमी म्हणजे अर्धगोल. ज्वलनाची पोकळी अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखी, त्यामुळे झडपा मोठ्या बसवता येतात आणि इंजिनाला श्वास मोकळा मिळतो. १९५१ पासून क्रायस्लर ही इंजिनं आपल्या ऐसपैस घरगुती गाड्यांत घालत होती. आणि अपघातात त्या गाड्या मोडल्या की इंजिनं भंगारात येत होती. पुढच्या सगळ्या इतिहासाचा पाया भंगारवाल्याने घातला आहे हे इथे नोंदवून ठेवतो.

नोव्हेंबर १९५७ मध्ये ब्रुक्सव्हिलच्या पट्टीवर ही गाडी ताशी १७६.४० मैलांनी धावली. इंजिनावर आठ कार्ब्युरेटर ओळीने बसवलेले. ताशी २८४ किलोमीटर! कॅलिफोर्नियावाल्यांनी हे साफ खोटं ठरवलं. पूर्वेकडची घड्याळं बिघडलेली असतील, पट्टी आखूड मोजली असेल. दूरच्या गावच्या माणसाने काही करून दाखवलं की राजधानीची पहिली प्रतिक्रिया ही अशीच. आपल्या बोलीत लिहिणाऱ्यांना हे मी समजावून सांगायला नको. मार्च १९५९ मध्ये बेकर्सफील्डला मोठी शर्यत भरली, गार्लिट्सला मुद्दाम बोलावलं गेलं आणि तिथे त्याच्या इंजिनाने दगा दिला. आर्ट ख्रिसमन जिंकला. पण त्या दौऱ्यात गार्लिट्सने एक धडा घेतला. त्याने इंजिनावर सुपरचार्जर चढवला. हा 'ब्लोअर'ही मूळचा शर्यतीचा नव्हे. जनरल मोटर्सच्या ६-७१ नावाच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनात हवा ढकलायला तो असायचा. म्हणजे ट्रकचा अवयव. तोही भंगारातूनच आलेला.

त्याच वर्षी जूनमध्ये साउथ कॅरोलायनातल्या चेस्टर इथे तो ब्लोअर फुटला.

इथे गाडीची रचना पुन्हा डोळ्यांपुढे आणा. इंजिन पुढे आहे. माणूस मागे आहे. गाडी ताशी दीडशे मैलांनी पुढे चालली आहे. इंजिनातून जे काही बाहेर येईल, तेल, आग, लोखंडाचे तुकडे, ते वारा कुठे नेणार? थेट चालकाच्या तोंडावर. आगरोधक पोशाखाची पद्धत अजून रुजलेली नव्हती. गार्लिट्सचे हात आणि चेहरा भाजला. काही काळ त्याच्या जागी आर्ट मलोन गाडी चालवत होता. मग गार्लिट्स परत आला आणि पुन्हा त्याच जागी, इंजिनाच्या मागे, जाऊन बसला.

का? हा प्रश्न मला त्या संग्रहालयात सतावत राहिला. धोका सगळ्यांना दिसत होता. मग तिथेच कशाला बसायचं?

या रचनेला इंग्रजीत स्लिंगशॉट म्हणतात. आपली बेचकी, गलोल. माणूस बेचकीतल्या खड्यासारखा सगळ्यात मागे. १९५४ च्या सुमारास मिकी थॉम्प्सनने ती रूढ केली असं मानतात. त्यामागचं कारण साधं होतं. जोर कितीही असला तरी तो रस्त्याला लागायचा मागच्या दोन चाकांतून. त्या चाकांवर वजन नसेल तर ती जागच्या जागी फिरून नुसता धूर काढतात. म्हणून माणसाचं वजनही मागच्या आसामागे टाकायचं. त्याचा जीव हा असा वजनाच्या हिशेबात धरलेला होता.

पण त्याहून महत्त्वाचं कारण दुसरं होतं, ते मला नंतर वाचताना कळलं. मागे बसलेल्या माणसाला गाडी 'कळते'. शेपूट जरा डावीकडे सरकली की तो स्वतःच डावीकडे सरकतो. समोर अख्खी गाडी बाणासारखी दिसत असते, ती रेघेवरून किंचित हलली तरी डोळ्याला समजतं. हात आपोआप चाक वळवतात. विचार करायला वेळच नसतो, आणि लागतही नाही. ज्यांनी इंजिन मागे घालून माणूस पुढे बसवायचा प्रयत्न केला, आणि असे बरेच जण होऊन गेले, त्यांच्या गाड्या बेभरवशाच्या निघाल्या. मधेच अचानक बाजूला झेप घेत. काही अपघात झाले. मग सगळ्यांनी मान डोलावली: मागे इंजिन असलेली गाडी सरळ जाऊच शकत नाही. भाजलं तर भाजलं, पण गाडी सरळ गेली पाहिजे.

पुढची दहा-बारा वर्षं बेचकी लांब होत गेली, बारीक होत गेली, आणि वेग वाढत गेला. या काळाबद्दल फार लिहीत नाही, आकड्यांच्या हौशी लोकांसाठी पुस्तकं आहेत. १९६३ मध्ये बंदी उठली आणि पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये गार्लिट्स इंजिनावर विमानासारखं पंख लावलेली गाडी घेऊन जिंकला. पंख उलटं, गाडी वर उचलण्याऐवजी खाली दाबणारं. १ ऑगस्ट १९६४ ला न्यू जर्सीत ग्रेट मेडोज इथे स्वॉम्प रॅट ६ ने २०१.३४ मैलांची नोंद केली. अधिकृतपणे दोनशेच्या पुढची ती पहिली धाव समजली जाते. दुसऱ्या कुणी आधीच केल्याचे दावे आहेत, त्यांच्यावर अजून भांडणं होतात. क्रायस्लरने १९६४ मध्ये नवं ४२६ घनइंचांचं हेमी आणलं. टायर रुंद झाले, मऊ झाले. थांबवायला ब्रेक पुरेनात म्हणून मागून छत्री उघडणं नित्याचं झालं.

आणि माणसं मरत राहिली. १९६९ च्या सप्टेंबरात इंडियानापोलिसच्या यू. एस. नॅशनल्समध्ये जॉन मलिगनच्या गाडीचा क्लच फुटला, आग लागली. काही दिवसांनी तो गेला. उत्तम चालकांत गणला जाणारा, ऐन उमेदीतला. त्यानंतरही पुढच्या मोसमात सगळे बेचकीतच बसले.

८ मार्च १९७०. लायन्सची पट्टी. गार्लिट्सच्या स्वॉम्प रॅट १३ मध्ये त्याने स्वतः तयार केलेला दोन गतींचा गिअरबॉक्स होता. दिवा लागला, गाडी सुटली आणि सुरुवातीच्या रेघेपाशीच तो गिअरबॉक्स स्फोटासारखा फुटला. गाडीचे सरळ दोन तुकडे झाले. त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. उडालेल्या तुकड्यांनी प्रेक्षकांतला एक तरुणही गंभीर जखमी झाला.

आता माझ्या मामांची गोष्ट. सत्तरच्या दशकात ते कुडचड्याला खनिजाच्या ट्रकांच्या एका गॅरेजात कामाला होते. गॅरेजात हवा भरायचा कॉम्प्रेसर होता, आणि त्याच्या पट्ट्यावरची जाळी कुणीतरी कधीतरी काढून ठेवली होती, कारण पट्टा सुटला की जाळी काढण्यात वेळ जायचा. खाणीचा हंगाम म्हणजे ट्रकांची रांग. जाळी नाही हे मालकाला माहीत होतं, मामांना माहीत होतं, चहा आणणाऱ्या पोरालाही माहीत होतं. सगळे हात सांभाळून वावरायचे आणि त्याला कौशल्य म्हणायचे. एक दिवस मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा चौथीत होतो. आई मला घेऊन त्यांना पाहायला इस्पितळात गेली, तर मामा उजव्या हाताने बिडीच्या बंडलाच्या कागदावर काहीतरी रेखाटत होते. जाळीचं चित्र. अशी जाळी, जी एका खिट्टीवर फिरेल, काढावी लागणारच नाही. बाहेर आल्यावर त्यांनी ती डांबराच्या पिंपाचा पत्रा कापून केली. एका दुपारचं काम. इतकी वर्षं कुणी ती दुपार काढली नव्हती.

गार्लिट्सही इस्पितळात पडल्या पडल्या इंजिन मागे असलेली गाडी आखत होता. हे वाचलं तेव्हा मला बिडीच्या बंडलाचा तो कागदच दिसला.

१९७० च्या हिवाळ्यात तो, कॉनी स्विंगल आणि टी. सी. लेमन्स यांनी मिळून गाडी बांधली. माणूस पुढे, इंजिन त्याच्या पाठीशी. आग लागली तर ती मागे राहील, तो तिच्यापासून दूर पळत असेल. पण पट्टीवर नेली तर तीच जुनी रड. गाडी सरळ जाईना. जरा वेग घेतला की डावीकडे-उजवीकडे झेपा. गार्लिट्स नंतर सांगत असे की एका टप्प्यावर तो हे सोडून पुन्हा जुन्या धर्तीची गाडी बांधायला निघाला होता, पण त्याची बायको पॅट ऐकेना. तिने नवऱ्याला भाजलेला पाहिलं होतं, अर्धं पाऊल गेलेला पाहिलं होतं. तिचं म्हणणं, हीच गाडी चालली पाहिजे. या खेळाच्या इतिहासात पॅटचं नाव एका ओळीत येतं. माझ्या मते ती ओळ जाड ठशात छापायला हवी.

मग उत्तर सापडलं, आणि ते उत्तर वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोष इंजिनाच्या जागेत नव्हताच. दोष स्टिअरिंगच्या दातांच्या प्रमाणात होता. बेचकीच्या गाडीत चाक जरा हललं की पुढची चाकं पटकन वळत, कारण मागे बसलेल्या माणसाला गाडीची प्रत्येक हालचाल आधीच अंगावर जाणवायची आणि तो अगदी थोडं, अगदी वेळेवर वळवायचा. पुढे बसलेल्याला शेपटीचं सरकणं उशिरा कळतं. समोर पाहायला गाडीच नसते, नुसता रस्ता. मग तो घाबरून जास्त वळवतो, गाडी जास्त वळते, तो उलट वळवतो. बस्स, झेपा सुरू. त्यांनी स्टिअरिंग मंद केलं. हात तेवढाच हलला तरी चाकं थोडीच वळतील असं. गाडी रुळावरून गेल्यासारखी सरळ गेली.

इतकंच. पंधरा वर्षं माणसं आगीच्या मागे बसली, त्यांतली काही जळाली, आणि मधे अडसर होता तो एवढासा. माणूस हलवला होता सगळ्यांनी, पण त्याच्या जुन्या हातांना शोभेल असं स्टिअरिंग तसंच ठेवलं होतं. गाडी नवी आणि सवय जुनी.

सुरुवातीला लोक हसले. फेब्रुवारी १९७१ मध्ये पोमोनाला विंटरनॅशनल्समध्ये स्वॉम्प रॅट १४ जिंकली, पाठोपाठ बेकर्सफील्डलाही जिंकली, आणि हसू थांबलं. दोन-तीन वर्षांत वरच्या दर्जाच्या शर्यतींतून पुढे इंजिन असलेल्या गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. आग लागणं थांबलं असं नाही, पण चालक चालत बाहेर येऊ लागले. शर्ली मल्डाउनीने १९७३ मध्ये या वर्गाचा परवाना मिळवला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री, आणि १९७७, १९८० व १९८२ अशी तीन विजेतेपदं घेतली. तीही इंजिन पाठीशी असलेल्या गाड्यांतूनच.

त्यापुढची गाडी मला कमी ओढते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑन्टेरिओला गार्लिट्सने ५.६३ सेकंदांत २५०.६९ मैलांचा वेग गाठला. १९८६ ची स्वॉम्प रॅट ३० मात्र पाहण्यासारखी. चालकावर विमानासारखं झाकण, पुढे नावापुरती चाकं, सगळं अंग वाऱ्यासाठी घासून काढलेलं. ती २७२ मैलांवर गेली. त्याच उन्हाळ्यात इंगलिशटाउनला सुटताना तिचं नाक आकाशात गेलं, गाडी उभ्याने गिरकी घेऊन उलट दिशेला तोंड करून खाली आली. गार्लिट्सला काही झालं नाही. १९८७ मध्ये ही गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियनने आपल्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयासाठी घेतली. भंगारातल्या शेव्हर्लेपासून राष्ट्रीय संग्रहालयापर्यंत तीस वर्षं.

आणि वेग? तो इतका वाढला की शेवटी पट्टीच आखूड करावी लागली. जून २००८ मध्ये इंगलिशटाउनलाच स्कॉट कलिटाचा मृत्यू झाला, त्यानंतर एनएचआरएने नाइट्रोच्या गाड्यांसाठी पाव मैलाचे १३२० फूट सोडून १००० फूट केले. त्या आजही हजार फूटच धावतात, दहा हजारांहून अधिक अश्वशक्तीवर. माणूस पुढे, इंजिन मागे.

इंधनाचं काय झालं हेही सांगून टाकतो. ३० एप्रिल २०१४ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, गार्लिट्स विजेवर चालणारी ड्रॅग गाडी घेऊन पट्टीवर उतरला आणि १८४ मैलांचा वेग गाठला. म्हणजे आठ कार्ब्युरेटरच्या पहिल्या गाडीच्या १९५७ च्या विक्रमाहून थोडा अधिक. ज्वाळा नाहीत, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. २०१९ मध्ये आणखी एका गाडीतून १८९. जुन्या नाइट्रो गाड्यांचे भक्त मात्र बेकर्सफील्डला जमतात, गाड्या पूर्वीसारख्या मागून ढकलून सुरू करतात आणि संध्याकाळी ओळीने उभ्या करून नुसती इंजिनं धडधडवतात. धावायचं नाही. फक्त आवाज आणि ज्वाळा. आपल्याकडे निवृत्त झालेले तबलजी कसे बैठकीत नुसता एक कायदा वाजवून दाखवतात, तसं.

परत आल्यावर कुडचड्याला मामांना भेटायला गेलो. फोनवर काढलेले फोटो दाखवले. मामा आता पंचाहत्तरीचे, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिल्या स्वॉम्प रॅटचा फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"पांय खंय दवरतालो तो?"

मी बोट दाखवलं. इथे, गिअरच्या दोन्ही बाजूंना.

"हो मनीस कॉम्प्रेसराचेर बसला," मामा म्हणाले.

मग १४ नंबरचा फोटो दाखवला. तो त्यांनी फार वेळ पाहिला नाही. तीन बोटांच्या हाताने फोन मला परत देताना एवढंच विचारलं, की ती पहिली गाडी त्याने विकून टाकली की ठेवली. ठेवली, म्हटलं, संग्रहालयात दाराजवळच आहे.

"बरें केलें," मामा म्हणाले, आणि चहा ठेवायला आत हाक मारली.